भुकेची साक्ष

“हाकेला देईना ओ, माझी मंदा खुळी बाई,
ताट निवून गेलं, हिला भुकेची सय नाही!”

आईची ती हाक चाळीस वर्षांपूर्वीची. खोललेल्या रेडिओपुढे बसलेल्या मंदाच्या कानांवरून ती वाऱ्यासारखी निघून जायची. पुढे मंदाची डॉ. मंदाकिनी हळबे झाली आणि त्याच हाकेतून त्यांना मूल्यवेधी यंत्र सुचलं. माणूस ज्याच्यापायी भूक विसरतो, तेच त्याचं खरं मूल्य. तोंड खोटं बोलेल, जठर बोलायचं नाही. मनगटावरची क्षुधापट्टी महिनाभर भुकेचा चढउतार टिपायची आणि माणसानं ठरवलेलं ध्येय त्याच्या मूल्याशी कितपत जुळतं, ते यंत्र टक्क्यांत सांगायचं.

म्हणजे सांगायला हवं होतं. गगनबावड्याच्या त्या डोंगरावरच्या प्रयोगशाळेत माणसं दोनच, बाई आणि यंत्रज्ञ दत्ताराम खोत. आणि यंत्र गेली सहा वर्षं दर सोमवारी बंद पडायचं, शनिवारी सुरू व्हायचं.

आज शनिवार होता. बंगळुरूच्या एका मोठ्या संस्थेनं बाईंना संचालकपद देऊ केलं होतं. होकार पाचपर्यंत कळवायचा, आणि चार वाजून गेले होते.

“आधी आपलंच मोजू,” बाई म्हणाल्या. “महिनाभर पट्ट्या आहेतच दोघांच्या मनगटांवर. बोला खोत, तुमचं ध्येय?”

“दहा किलो उतरवायचेत.”

यंत्र गुरगुरलं. मेळ, दोन टक्के.

“दोन तरी कुठून आले?”

“चतुर्थीचे असतील, बाई.”

बाईंनी हसत हसत आपलं ध्येय भरलं, संचालकपद. मेळ, चार टक्के. हसू जागीच विरलं.

“छे! माझं मूल्य दुरुस्ती, लहानपणापासूनचं. तिथं तर दुरुस्तीला अख्खी संस्था मिळतेय! आलेख काढा बघू.”

आलेख निघाला. सोमवार ते शनिवार, भर दुपारी बाईंची भूक बेपत्ता. रविवारी मात्र चौघांइतकी.

“बघा! यंत्र बिघडलं की माझी भूक जाते.”

“मग चारच टक्के का?” खोत पुटपुटले.

बाईंनी खोतांचा आलेख शेजारी लावला. त्याच दुपारी, तेच खड्डे. जणू एकाच पोटाच्या दोन प्रती.

“खोत, दुरुस्ती मी करते. तुम्ही नुसते पाना धरून उभे. तुमची भूक का मरते?”

बाईंनी खोतांच्या आलेखावर बोट ठेवलं.

“आणि हा सोमवारी सकाळी सातचा खड्डा? तो माझ्याकडे नाही. ऐन न्याहारीच्या वेळी तुमची भूक मरावी, असं काय करता तुम्ही सातला?”

खोतांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“आतल्या झडपेचा स्क्रू सैल करतो.”

“सहा वर्षं?”

“गणपतीची सुट्टी सोडून. यंत्र पुरं झालं की तुम्ही जाणार, बाई. मला दुसरं काही सुचलं नाही.”

भिंतीवरच्या घड्याळात पाचला पाच कमी होते. बंगळुरूचं पत्र पडद्यावर उघडंच होतं. बाईंनी ते मिटलं.

“खोत, तो स्क्रू मला मंगळवारी सकाळीच सापडायचा.”

“काय सांगता! मग शनिवारपर्यंत दुरुस्ती कशाची चालायची?”

बाई लाजल्या. बावन्नाव्या वर्षी, आणि तेही पांढऱ्या कोटात.

“कशाचीच नाही. तुम्ही समोर असावं, म्हणून पाना मागत राहायचे मी.”