यादीतली बिननावाची ओळ

चौलच्या पोफळीच्या वाडीतलं ते घर दिपालीनं भाड्यानं घेतलं ते शांततेसाठी. घरात छळ सोसणाऱ्या बायका तिला इंटरनेटवरून फोन करायच्या आणि ती दार लावून त्यांचं ऐकायची. गेल्या आठवड्यापासून मात्र त्या बोलण्यात तिसरंच कुणीतरी आहे असं तिला वाटू लागलं होतं. मुंबईची अमिषा उद्या नवऱ्याचं घर सोडून तळा गावाला मावशीकडे निघणार होती. ही गोष्ट दोघींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. काल बोलता बोलता अमिषा थबकली आणि कुजबुजली, "ताई, तुमच्या बाजूला कोण श्वास घेतंय?"

म्हणून आज दुपारी दिपालीनं रेवदंड्याहून कुलदीपला बोलावलं. वायफायची कामं करणारा, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. त्यानं भिंतीवरचा राउटर पाहिला आणि मान हलवली.

"ताई, डब्यावर छापलेला पासवर्डच अजून चालू हाय. वाडीत उभा राहून कुणीबी आत शिरंल."

त्यानं राउटरला जोडलेल्या यंत्रांची यादी लॅपटॉपवर उघडली. लॅपटॉप, दिपालीचा मोबाइल, त्याचा स्वतःचा फोन. चौथ्या ओळीला नावच नव्हतं.

"ह्यो सिग्नलचा आकडा बघा. ऐंशी म्हंजे लांब. जसा उतरंल तसं यंत्र राउटरच्या जवळ येतंय समजा."

तो हे सांगत असतानाच ऐंशीचे सत्तर झाले.

कुलदीप तडक वाडीत गेला. दिपाली खिडकीशी बसून आकडे सांगू लागली. साठ. पन्नास. बाहेर वारा पडला होता. पोफळीचं एक पानही हलत नव्हतं. कुलदीप घराला फेरी मारून पडवीत आला.

"हितं कुणी न्हाय, ताई."

"चाळीस... कुलदीपभाऊ, ते पडवीतच आहे."

त्यानं मागं वळून पाहिलं. पडवी रिकामी होती. फक्त वर्षानुवर्षं बंद असलेली पेटी उघडल्यावर येतो तसा कोंदट वास पसरला होता. तो झपकन आत आला आणि त्यानं कडी लावली.

मग त्यानं भराभर कामं उरकली. लांबलचक नवा पासवर्ड घातला, जुनी कच्ची सुरक्षा काढून पक्की लावली, बटण दाबून जोडायची सोय बंद केली. सगळ्या यंत्रांची जोडणी तुटली. यादी कोरी झाली. नवा पासवर्ड टाकून त्यानं एकटा लॅपटॉप जोडला. यादीत एकच ओळ उमटली.

आणि खाली दुसरी ओळ आली. बिननावाची.

"पासवर्ड तुम्ही आत्ता टाकलात ना?"

"व्हय... तोंडानं उच्चारलाबी न्हाय." त्यानं ओळींवर बोट ठेवलं. लॅपटॉपपुढं तीस आकडा होता. त्या ओळीपुढं दहा. "ताई... ह्ये लॅपटॉपपेक्षाबी राउटरच्या जवळ हाय."

लॅपटॉप आणि राउटरची भिंत यांच्यामध्ये फक्त ते दोघंच होते. कुलदीपनं हात घालून वायर उपटली. हिरवे दिवे विझले. मग तो पहाऱ्याला बाहेर पुढच्या पायरीवर जाऊन बसला.

वीसेक मिनिटांनी दिपालीचा मोबाइल वाजला. साधाच फोन. अमिषा होती. मागं इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

"ताई, दुपारी सांगितलंत तशी निघाले मी. बोटीत आहे. तासाभरात रेवसला उतरते, तिथून रिक्षानं तुमच्याकडे."

"माझ्याकडे? अगं, तळ्याला जायचं ठरलं होतं, तेही उद्या! मी कालपासून तुझ्याशी बोललेलीच नाही."

"असं काय करता ताई?" अमिषा घाबरून हसली. "आत्ता पाच मिनिटांपूर्वी तर पुन्हा बोललात. म्हणालात, मागच्या दारानं ये... पुढच्या पायरीवर कुलदीप बसलाय."