ओठ मिटणारा शब्द

प्राचीन इटालिक भाषांच्या कोशात शब्दांची मुळं शोधायचं काम मी करते. अडलेला शब्द एका फुटक्या कौलावर कोरलेला होता. ‘वेरु’ एवढंच शाबूत, पुढचं तुटलेलं. अर्थ कुणालाच ठाऊक नाही. शेजारच्या दोन भाषांतली रूपं ताडून मी ‘वेरुन’ असं मूळ बांधलं आणि रिवाजाप्रमाणे शब्दाच्या आधी ताऱ्याची खूण केली. तारा म्हणजे हा शब्द कुणी ऐकलेला नाही, आपला अंदाज आहे.

रविवारी दुपारी बाबांना भरवताना मी तो शब्द तोंडात घोळवत होते. अर्धांगवायूनंतर वर्षभर त्यांना वाचा नव्हती. त्यांनी चमचा बाजूला सारला.

“वेरुम.”

स्पष्ट. शेवटी ओठ घट्ट मिटून.

आधी मी रडले. मग, सवय कुठं जाते, ‘म’ लावून पाहिला. दोन्ही भाषांतली रूपं चपखल बसली. बाबा धडधाकट होते तेव्हा माझ्या कामाला ‘मढी उकरणं’ म्हणायचे. त्यातलं एक अक्षर त्यांना येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी नोंद पाहिली आणि तारा कुठं गेला म्हणून विचारलं.

“शब्द ऐकलाय म्हणून खोडला.”

त्यांनी उठून दार लोटलं. माझ्याआधीच्या बाई याच शब्दापाशी आल्या होत्या, त्यानंतर कामावर परतल्याच नाहीत, असं खालच्या आवाजात सांगितलं. ‘मूळ अज्ञात’ लिहा आणि पुढं चला, म्हणाले. मग चाचरत विचारलं, “घरी मोठ्यानं म्हटलात?”

“म्हटला. पुन्हा म्हणणार. ज्या शब्दानं माझ्या बापाला वाचा दिली, त्याला मी अज्ञात लिहिणार नाही.”

नोंद तशीच छपाईला धाडली आणि तडक घरी आले. लख्ख ऊन होतं. बाबांच्या खोलीचं दार, खिडक्या सताड उघडल्या. मी ओठ मिटून नीट म्हणाले, “वेरुम.”

बाबा हसले. लुळा हात सावरत भिंतीकडे सरकले. कुणाला बसायला जागा करून द्यावी, तसे.

मोकळ्या जागी गादी दबली.

मी खुर्ची ओढली, समोर बसले.

“आता अर्थ सांगा.”

बाबांनी तोंड उघडलं. मग शेजारी वळून पाहिलं आणि थांबले. वडीलधाऱ्याला आधी बोलू द्यावं, तसे.