गोदाबाईचं न बोललेलं

हिवरखेडजवळच्या उपकेंद्रात संध्या बारा वर्षं नर्स होती. अंगात ताप फणफणत असला तरी इथलं माणूस "बरं हाये" म्हणणार, हे ती पुरतं ओळखून होती. म्हणून कुठल्याशा प्रकल्पातून बोलक्या डब्या आल्या तेव्हा तिला हसूच आलं. वाटीएवढी डबी, पेशंटच्या घरी भिंतीतल्या प्लगला लावायची. रोज सकाळी आठला ती विचारायची, "गोळी घेतली काय? कुठी दुखते काय? अजून काई?" उत्तर संध्याच्या मोबाइलवर ऐकू यायचं. आणि गंमत अशी, की जन्मात कुणाला सांगितलं नाही ते म्हातारी माणसं डबीला सांगू लागली.

एका मंगळवारी गोदाबाईचं उत्तर आलं. "छाती जड हाये. डाव्या हातातून कळ जाते." रोज बरं हाये म्हणणारी बाई! संध्यानं चहा तसाच ठेवला आणि गाडी काढली.

गोदाबाईच्या दारात मांडव होता. नात खुशीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. म्हातारी ओसरीत तूर पाखडत बसली होती.

"छातीत दुखते म्हणे तुमच्या?"

सूप थांबलं. "कोनं सांगतलं तुमाले?"

"तुमीच ना. डबीले."

गोदाबाईनं आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "लग्नघरात दुखन्याचं नाव काढतेत काय, बाई? तोंडातून काई निघू नये म्हनून त पंधरा रोज झाले, म्या थे डबी पेटीत ठेवली."

पेटी उघडली. गोधड्यांच्या तळाशी डबी होती. वायर गुंडाळलेली, दिवा बंद. तिला बॅटरी नव्हतीच.

संध्याच्या मोबाइलवर मात्र पंधराही सकाळींची उत्तरं होती. तिनं आजचं लावलं. आवाज गोदाबाईचाच. पडलेल्या दाताच्या फटीतून निघणारी शीळसुद्धा तीच.

म्हातारीच्या हातातून सूप घसरलं. "हे त म्या मनात म्हनलं होतं," ती पुटपुटली. "आज सकाळी. मनातल्या मनात."

 संध्याला भीती वाटलीच. पण त्याहून जास्त, चपला घालून गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटलं.

विचार करायला वेळ नव्हता. गोदाबाईच्या मुलानं, कुलदीपनं, गाडी आणली. अकोटच्या पुढे गोदाबाईचा श्वास अडखळला. अकोल्याला पोचताच डॉक्टरांनी तिच्या घशात नळी घातली. "अर्धा तास उशीर झाला असता तर संपलंच होतं," ते म्हणाले. कुलदीप भिंतीला टेकून पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संध्या आयसीयूच्या काचेबाहेर उभी होती. नळी अजून तशीच होती. नळी असेपर्यंत बाईंना बोलता येणार नाही, असं सिस्टर सांगून गेली होती.

आठ वाजले. मोबाइल थरथरला.

गोदाबाईचं नाव.

संध्यानं तो कानाला लावला.

"कुठी दुखते काय?" डबीचा आवाज.

"आता बरं हाये." शिळेसकट.

"अजून काई?"



"बाजूच्या खाटीवरच्या बाईले पाहा. थे आतून लय वरडून राहिली. कोनालेच आयकू नाई येत."

संध्यानं काचेतून आत पाहिलं. शेजारच्या खाटेवरची बाई डोळे मिटून शांत पडली होती. गोदाबाईनं तिच्या बाजूचा कान हातानं घट्ट दाबून धरला होता.