पहिलीचा ट्रॅक्टर

त्या दुपारी मी शेडमध्ये गेले ती नुसती शिडी आणायला. घराच्या छपरावरचं एक कौल सरकलं होतं, बाकी मनात काही नव्हतं. दार लोटलं, तर आत जुन्या ट्रॅक्टरच्या सीटवर माझा नवरा बसलेला. हात स्टिअरिंगवर, डोळे मिटलेले. मला वाटायचं, जेवण झालं की तो विहिरीवरच्या पंपाकडे जातो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्ष तो रोज इथे येऊन बसत होता. तिच्या जागेवर.

ती म्हणजे त्याची पहिली बायको. सहा वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापात गेली. ट्रॅक्टर तीच चालवायची, बिघडला तर तीच उघडायची. ती गेली त्या वर्षी सायलेन्सरमधून पाणी आत शिरलं आणि इंजिन गंजून जाम झालं. नंतर त्याने कुणाला हात लावू दिला नाही.

मेलेल्या बाईचा मत्सर करू नये, एवढं मलाही कळतं. पण सवत जिवंत असती तर निदान भांडता आलं असतं. हिच्याशी कुठे जाऊन भांडणार?

रात्री जेवताना मी विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "ती असती तर एव्हाना सुरू केला असता. डावखुरी होती, पण हात असा, की लोखंडसुद्धा ऐकायचं तिचं." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणूनच जास्त लागलं.

"मी सुरू करते," मी म्हणाले. माझे वडील फिटर होते. माझं बालपण त्यांच्या गॅरेजमध्येच गेलं.

नवरा मान खाली घालूनच म्हणाला, "नको." मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "...जमेल तुला?"

त्या आवाजातली आशा माझ्यासाठी नव्हती. मी त्याच्याकडून शेडची किल्ली मागून घेतली आणि सांगितलं, "काम होईपर्यंत तुम्ही तिथे यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी इंजिनात डिझेल फवारणारी सगळी नोझल काढली आणि त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं. गिअर न्यूट्रलला आहे ना, ते दोनदा पाहिलं. पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावला, पान्यावर हातभर लांब पाइप चढवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. इंजिन तसूभर हललं नाही. वडील म्हणायचे, जाम इंजिनाला घाई सोसत नाही, तेल मुरू दे. मी पुलीवर खडूची रेघ मारली, पाना-पाइप उजव्या चाकाशी ठेवला आणि दाराला कुलूप लावलं.

सकाळी रेघ बोटभर सरकली होती. पाना-पाइप डाव्या चाकाशी पडला होता.

किल्ली रात्रभर माझ्या उशीखाली होती. तरी मी नवऱ्यालाच विचारलं, "तुम्ही गेला होतात का?"

"कुठे?" तो म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही.

मी जुनी रेघ पुसली, नवी मारली. तिसऱ्या दिवशी ती दोन बोटं सरकलेली. पाना पुन्हा डावीकडे. खरं सांगते, मला आधी भीती नाही वाटली. राग आला. माझ्या हाताने न हलणारं इंजिन तिच्या हाताने हलत होतं. उद्या ते सुटलं असतं, तर ते तिनेच सोडवलं असतं आणि मी पुन्हा होते तिथेच.

त्या दुपारी नवरा तालुक्याला गेला होता, सासूबाई झोपल्या होत्या. मी शेडमध्ये जाऊन दार आतून लावून घेतलं. पत्रा तापून मधूनच कडकड वाजत होता. डिझेलच्या वासात अजून एक वास होता, ओल्या केसांचा. मी पाइप धरून रेटा दिला. काहीच नाही. पुन्हा दिला, आणि पाइप किंचित खाली गेला. मग तो हळूच वर आला. मी दाबायचे, तो खाली जायचा. मी थांबायचे, तो वर यायचा. दोघांनी करवत ओढावी, तसं. समोर कुणीच नव्हतं.

"सोड," मी म्हणाले. "हे माझं काम आहे..."

पाइप वर आला.

"तू गेलीस आता. इथे मी आहे."

पाइप थांबला. पत्र्याचा आवाजही थांबला. मी उजव्या हाताने पाइप धरला होता. डावा हात मांडीवर होता. तो उठला, पाइपवर उजव्याच्या वर जाऊन बसला आणि त्याने घट्ट पकड घेतली. हात माझाच होता. मी तो उचलला नव्हता.

आत कट् असा आवाज झाला आणि पुली पूर्ण फिरली.

आठवड्याभरात ऑइल बदललं, नोझल बसवली, डिझेलच्या नळीतली हवा काढली, नवी बॅटरी जोडली. ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा नवरा अंगणात उभा राहून रडला. मग त्याने मला जवळ घेतलं, सासूबाईंच्या देखत.

ते दिवस सुखाचे होते. शेडमधलं त्याचं बसणं संपलं. तो माझ्याकडेच बघत बसायचा. एकदा म्हणाला, "चहाचा कप असा धरायची सवय तुला कधीपासून?" मी पाहिलं, कप डाव्या हातात होता. मी तो उजव्यात घेतला, तसा त्याचा चेहरा उतरला. त्याचं प्रेम दिवसेंदिवस वाढत होतं, आणि मी माझ्याच हातावर जळत होते. एका सकाळी मी बादलीभर पाणी सायलेन्सरमध्ये ओतलं. इंजिन पुन्हा जाम होऊ दे, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर पहिल्याच किल्लीला सुरू झाला.

परवा माझा धाकटा भाऊ आला. बसवर ड्रायव्हर आहे, वर्षभर त्याला रजा मिळाली नव्हती. मी धावत पाणी घेऊन गेले. त्याने भांडं घेतलं, नजर खाली ठेवून मला हात जोडले आणि नवऱ्याला विचारलं, "भावोजी, ताई कुठे दिसत नाही?"

लहानपणापासून चेष्टेखोर तो. मी हसले. तो हसला नाही.

नवऱ्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "कामात आहे. येईल इतक्यात."

भाऊ संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसला. मी त्याची लहानपणीची हाक मारली, दोनदा. त्याने "काय म्हणालात?" असं विचारलं. शेवटी बसची वेळ झाली तेव्हा त्याने पिशवीतून एक लोकरीचा स्वेटर काढला आणि माझ्या हातात दिला.

"ताईसाठी आणलाय," तो म्हणाला. "आली की आठवणीने द्या तिला."

मी म्हणाले, "देते."