दर चाळीस सेकंदांनी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडा. पण हे घडलेलं आहे. आमच्या वहिनी खोटं बोलत नाहीत. तेवढी सवडच नसते त्यांना.

बुधवार. दुपारचे चार. लख्ख ऊन. भुतांना सोयीचं असं काहीच नव्हतं.

वहिनी समुपदेशक. बेडरूमच्या कोपऱ्यात लॅपटॉप, पाठीमागे पुस्तकांचं कपाट. लोक व्हिडिओ कॉलवर आपापल्या घरून मन मोकळं करायचे, वहिनी इकडून मान हलवायच्या.

बुधवारी चारला यायचे घड्याळजी काका. बायको गेल्यापासून एकटे. मागे भिंतभर घड्याळं, लंबक हलताहेत. दर आठवड्याला तीच कहाणी, त्याच शब्दांत.

वहिनींना ती तोंडपाठ झाली आणि तिथेच त्यांनी शेण खाल्लं.

त्यांनी स्वतःचा मान हलवतानाचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. हनुवटी खाली, चष्मा वर, ओठांवर समजूतदार हसू. माइक बंद करून कॅमेऱ्याऐवजी तोच पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायचा आणि आपण चहा टाकायला जायचं.

"अगं, हे बरं दिसतं का?" दादानं एकदा विचारलं.

"बारा वर्षं तू माझ्यापुढे हेच करतोयस की!"

त्या बुधवारी वहिनी कप घेऊन परतल्या, तर काकांची कहाणी संपली होती. रोखून बघत होते.

"मग बाई, काय म्हणता? करू तसं?"

काय करू... वहिनींना पत्ताच नव्हता.

"तुमच्या मनाला पटतंय ना काका? मग करा."

काका हसले. "बरं बाई."

शुक्रवारी त्यांच्या मुलीचा मेसेज आला. बाबा गेले.

कशानं, ते लिहिलं नव्हतं. विचारायचा वहिनींना धीर झाला नाही.

पुढच्या बुधवारी, ठीक चारला, स्क्रीनवर अक्षरं उमटली... कुणीतरी आत यायला थांबलंय.

मुलगी असेल, म्हणून वहिनींनी आत घेतलं.

काका होते.

माइक बंद. मागचे सगळे लंबक थांबलेले...

"काका?"

काकांनी मान हलवली.

"त्या दिवशी मी ऐकलंच नाही हो. मी इथे नव्हतेच. काय करायचं म्हणत होतात? सांगा ना..."

हनुवटी खाली. चष्मा वर. ओठांवर समजूतदार हसू.

वहिनी मोजू लागल्या. अडतीस... एकोणचाळीस... चाळीस.

हनुवटी खाली. चष्मा वर.

जन्मभर सेकंद मोजलेला माणूस! काकांना ही लबाडी पहिल्या दिवसापासून कळत होती. कळूनही बिचारे बोलत राहिले.

मग दुसरा विचार आला...

समोर नुसता व्हिडिओ असेल, तर काका कुठे आहेत?

घरात दुसरं कुणी नव्हतं.

स्वयंपाकघरात... कपात चमचा ढवळला गेला.

पावलं आली. दाराशी थांबली.

"मग बाई, काय म्हणता?"

वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही. "नका करू काका, नका करू," एवढंच म्हणत राहिल्या.

आता तो व्हिडिओ नाही. चहाही सोडलाय. बुधवारी चारला त्या कुणालाच वेळ देत नाहीत, एकट्या बसतात. तरी सव्वाचारला ओट्यावर एक कप ओला असतो.

"दादाचा असेल," मी म्हटलं.

"भाऊजी, तुमच्या भावानं जन्मात कधी कप विसळलाय?"

मी नुसती मान हलवली...

वहिनी किंचाळून उठल्या.