खांदा सोडवणारा हात

कुणाला पटो न पटो, ही हकीकत खरी आहे.

नूरमहंमद म्हणजे माझ्या आईचे मामा. आम्ही सगळेच त्यांना नूरमामा म्हणायचो. त्यांनी ही हकीकत फार थोड्या माणसांना सांगितली. ज्यांना सांगितली, त्यांना दर वेळी अगदी तशीच सांगितली.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. जे झालं ते दिवसाउजेडी झालं.

साल १९३७. भाद्रपद महिना. मळवली स्टेशनावर उतरून भाताच्या खाचरांमधून विसापूर किल्ल्याच्या अंगाला चालत गेलं, की झाडीत एक बंगला होता. तिथे.

नूरमामा सारंगी वाजवायचे. घर लोणावळ्याच्या बाजारात, पण साथीला पुण्यापर्यंत बोलावणं यायचं. हात गोड होता. बसणं मात्र वाईट. लहानपणापासून मान एका बाजूला वाकडी, उजवा खांदा कानाला भिडलेला, दात घट्ट आवळलेले. बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस वाजवत नाही, कुणाशी तरी झटतोय.

चाळिशी उलटली आणि अंग कुरकुरायला लागलं.

त्या वर्षी गोकुळाष्टमीला पुण्यात रतनबाईंचं गाणं होतं. गाणं रंगात आलं आणि मामांचा उजवा हात मध्येच थांबला. गज तारेवर टेकलेला, आणि हात काही केल्या पुढे सरकेना.

रतनबाईंनी मागे वळून पाहिलं. गाणं त्यांनी तसंच पुढे नेलं. नंतर एवढंच म्हणाल्या, "दसऱ्याला मोठी बैठक आहे. तोवर हात सुटला तर या, नूरमहंमद. नाही सुटला, तर मी पेटीवाल्याला घेते."

सारंगीवाल्यांचे दिवस तसेही फिरले होते. पेटी सगळीकडे घुसली होती. एकदा जागा गेली की परत मिळणार नाही, हे मामांना ठाऊक होतं.

बाजारातल्या घरात रियाजाला निवांतपणा नव्हता. मळवलीच्या त्या बंगल्याचा राखणदार हौशीराम मामांच्या ओळखीचा. मालक मुंबईचा, वर्षानुवर्षं न फिरकणारा.

"बसा की दुपारचं येऊन," हौशीराम म्हणाला. "कुलूप काडून देतो. पर म्या आत न्हाई यायचा."

"का रे?"

"न्हाई यायचा," तो पुन्हा म्हणाला, आणि दुसरंच काही बोलायला लागला.

पहिल्या दिवशी दिवाणखान्यात एकही वस्तू नव्हती. लाकडी जमीन, उघड्या खिडक्या. बाहेर धुकं. खाचरांत बेडूक ओरडत होते, वळचणीचं पाणी ठिबकत होतं. मामा भिंतीपासून जरा पुढे बसले आणि सारंगी खांद्याला लावली.

थोडं वाजवलं आणि खांदा चढायला लागला. नेहमीसारखा. कानापर्यंत.

मग बेडूक थांबले.

वळचणीचं ठिबकणं थांबलं.

आणि मागून कुणीतरी... मामांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला.

हात गार नव्हता. ही गोष्ट मामांना जन्मभर खुपली. तो हात उबदार होता. एखाद्या शिकवणाऱ्या माणसाचा असावा तसा. त्याने खांदा दाबला नाही. नुसता टेकून राहिला. आणि वर्षानुवर्षं चढलेला तो खांदा हळूच खाली आला.

"हौशीराम?"

मामांनी वळून पाहिलं. मागे भिंत होती.

ते पळाले नाहीत. का, तर गज हातात होता आणि हात हलका झाला होता. त्यांनी सहज गज ओढला. असा सूर त्यांच्या सारंगीतून कधी निघाला नव्हता. ना जोर, ना कळ. घरी जाताना सारंगी त्यांना पिसासारखी वाटली.

"आज ताठ चालताय," अजीजुन्निसा मामी दारातच म्हणाल्या. "कुणाकडून चोळून घेतलंत?"

मामा हसत आत गेले.

दुसऱ्या दिवशी तो हात मानेवर आला. नंतरच्या दिवशी जबड्याखाली. मग बरगड्यांवर, मग कमरेत. जिथे टेकेल तिथली गाठ सुटायची. मामांना आपलं अंग आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. वजन कुठल्या हाडावर पडतं, श्वास कुठवर उतरतो, बोट उचलताना पाठीत काय हलतं, सगळं कळत होतं. दर वेळी आधी बेडूक थांबायचे. आता त्यांना त्याची भीती वाटेनाशी झाली. उलट ते थांबायची वाट बघायला लागले.

पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. ती मामींच्या आली.

एका सकाळी मामा ओट्यावर चहा घेत बसले होते. मामी आतून म्हणाल्या, "काय वाजवताय हो?"

"कुठे काय?"

"हात बघा तुमचा."

उजवा हात हवेत गज ओढत होता. संथ, सफाईने. मामांनी त्याच्याकडे बघितलं तरी तो थांबला नाही. आणि ते जे चाललं होतं... ते मामांना येत नव्हतं. तसलं वाजवणं त्यांनी कुठे ऐकलंही नव्हतं.

त्यांनी डाव्या हाताने उजवा धरून मांडीखाली दाबला. बऱ्याच वेळाने तो निवला.

"त्या बंगल्यात जाऊ नका," मामी म्हणाल्या.

"दसरा तोंडावर आलाय, अजीजू."

"दसरा गेला खड्ड्यात."

मामा गेलेच.

दोन-तीन दिवसांनी मामी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मामा मागे बसून त्यांच्याशी बोलत होते. बोलता बोलता त्यांचा उजवा हात उठला... आणि मामींच्या मानेवर जाऊन बसला.

मामींना आधी गंमत वाटली. मग त्यांचं डोकं पुढे झुकायला लागलं. हातातली भाकरी गळून पडली. दोन्ही हात खाली लोंबले. डोकं तसंच झुकत चाललं, चुलीतल्या जाळाकडे.

"सोडा," त्या पुटपुटल्या. आवाजातलाही जोर गेला होता.

"मी धरलंच नाहीये," मामा ओरडले. हात ओढून ओढून निघेना. शेवटी त्यांनी मामींच्या तोंडाशी आलेला तवा पायाने उडवला आणि सगळं अंग मागे झोकून दिलं. दोघेही भिंतीला आपटले. मामींच्या कपाळावरचे केस होरपळले होते. मानेवर बोटांचे वळ होते, आणि ती बोटं मामांच्या बोटांपेक्षा लांब होती.

त्या दिवशी मामांनी ठरवलं. एव्हाना सारंगी रोज घरी न आणता बंगल्यातच ठेवलेली असायची. ती आणायची आणि पुन्हा त्या वाटेला जायचं नाही.

"एकटं सोडणार नाही," मामी म्हणाल्या.

दुपारी दोघं मळवलीला उतरले. धुकं इतकं दाट, की समोरच्या बांधावरचा माणूस दिसत नव्हता. बंगल्याच्या फाटकापाशी हौशीराम पोतं पांघरून बसला होता.

आणि आतून सारंगी ऐकू येत होती.

"कोण बसलंय आत?" मामांनी विचारलं.

"कोन न्हाई. तुमी गेल्यावर बी वाजतं. मला वाटलं तुमाला ठाव हाय."

"आधी का नाही बोललास?" मामींनी विचारलं.

हौशीरामने पोतं अंगाभोवती ओढून घेतलं. "तुमी यायला लागल्यापासनं माजं अंग मोकळं हाय, मावशी. त्ये मला सोडून तेंच्याकडं गेलं. म्या कशाला बोलू?"

मामींनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि त्या पुढे झाल्या.

पायरीवर पाऊल पडलं तशी सारंगी थांबली. दिवाणखान्यात ती भिंतीशी टेकलेली होती. जिथे ठेवली होती तिथेच. मामांनी वाकून ती उचलायला हात घातला.

बेडूक थांबले.

मग... दोन्ही खांद्यांवर हात आले. या वेळी ते नुसते टेकले नाहीत. त्यांनी मामांना खाली बसवलं.

मामींना कुणी दिसत नव्हतं. दिसत होते ते फक्त मामा. मांडी घातलेले, सारंगी खांद्याला, गज हातात. आणि वाजवणं सुरू झालं. ऐकताना मामींच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते गोड होतं. मग त्यांनी मामांचा चेहरा पाहिला.

आधी मान सुटली. डोकं छातीवर आलं. मग कंबर सुटली. मग डोळे अर्धवट मिटले. हात तेवढे चालत होते. मामा नंतर सांगायचे, "एकेक सांधा कुणीतरी माझ्याकडून काढून घेत होतं. दुखत नव्हतं. उलट बरं वाटत होतं. मग तो हात बरगड्यांखाली आला. तिथे शेवटची गाठ होती. श्वासाची."

खोलीत सारंगीखेरीज एक आवाज असायला हवा होता.

मामींनी कान दिला...

मामांचा श्वास ऐकू येत नव्हता.

मामी धावल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. रक्त येईपर्यंत. "आवळा," त्या कानात म्हणाल्या. "दात आवळा. खांदा वर घ्या. पहिल्यासारखे वाकडे बसा."

मामांना ते लांबून ऐकू आलं. त्यांनी जबडा शोधला. जबडा आपला वाटेना. मामींनी पुन्हा चावा घेतला. कळ आली, आणि त्या कळेच्या मागे मागे जात मामांनी दात दातांवर दाबले. मग मान वाकडी केली. मग खांदा वर ओढला, कानापर्यंत, होता नव्हता तेवढा जोर लावून. प्रत्येक ठिकाणी तो हात खाली ढकलत होता. आता त्यात माया नव्हती. नखं होती.

खांद्यात काहीतरी कडाडलं. गज हातातून पडला. छातीत श्वास शिरला, तो किंकाळीसारखा.

दोघं कसे बाहेर पडले ते दोघांनाही नीट सांगता यायचं नाही. सारंगी आतच राहिली. फाटकाशी हौशीराम नव्हता. नुसतं पोतं पडलं होतं.

दसऱ्याच्या बैठकीला मामा गेले नाहीत. खांदा पार आखडला तो कायमचा. पुढे वाद्यं दुरुस्त करून त्यांनी पोट भरलं. इथवर असतं तर मामा कदाचित विसरले असते.

पण माघात बाजारात बातमी आली. बंगला भाड्याने गेला होता. मुंबईचे कुणी संगीताचे मास्तर पाच-सहा मुलींना घेऊन तिथे राहायला आले होते.

मामा गेले. मामींना न सांगता.

मुली ओळीने सतारी घेऊन बसल्या होत्या. इतक्या लहान मुली, आणि इतकं मोकळं, सुरेख बसणं. एकीचाही खांदा चढलेला नाही. मास्तर कौतुकाने म्हणाले, "इथली हवाच अशी आहे. मला काही सांगावंच लागत नाही. आपोआप सुधारतात."

मामांनी सगळं सांगितलं. मास्तरांचा चेहरा बदलला.

"तुमची विद्या गेली म्हणून आमच्या पोरींना भेडसावता? चालते व्हा."

मुलींनी माना वर केल्या नाहीत. वाजवणं चालूच होतं. बाहेर मात्र एकही पाखरू बोलत नव्हतं.

मामा तडक गावच्या पाटलांकडे गेले. भिमाजी पाटील, साठीचे, कंबरदुखीने वाकलेले, पण शहाणे माणूस. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्या सोता बघून येतो," ते म्हणाले. "तुमी हितंच थांबा."

मामा त्यांच्या ओट्यावर वाट बघत बसले. दिवस कलता कलता पाटील आले. बांधावरून, तरण्या माणसासारखे ताठ चालत.

"लय चांगली मान्सं हायती," पाटील म्हणाले. "काय बी न्हाई तितं. आन माजी कंबर बगा. बसल्या बसल्या मोकळी झाली."

"आबा, पुन्हा जाऊ नका," मामांनी त्यांचे पाय धरले.

पाटील हसले. त्यांचा हात उठला आणि मामांच्या आखडलेल्या खांद्याकडे यायला लागला. मामा मागे सरले, तसे ते हाताकडे बघून जरा गोंधळले. "आरं," ते म्हणाले, "ह्यो कुटं चाललाय?"

मामा पळत सुटले.

होळीच्या सुमारास भिमाजी पाटील बंगल्याच्या पायरीवर बसलेले सापडले. चेहरा शांत, अंग सैल. प्राण नव्हता. त्यानंतर बंगल्याला कुलूप लागलं. मास्तर मुलींना घेऊन मुंबईला गेले, असं लोक म्हणाले. पण मळवली स्टेशनावर त्यांना गाडीत चढताना पाहिलेला माणूस मामांना कधी भेटला नाही.

मुंबईहून कुणी गाणारं-वाजवणारं लोणावळ्याला हवा खायला आलं, की मामा त्यांना गाठून त्या मुलींची चौकशी करायचे. सतार वाजवणाऱ्या पाच-सहा जणी होत्या, कुठे ऐकल्यात का?

शेवटपर्यंत कुणीही हो म्हणालं नाही.