माप घेताना शांतता राखा

भुताच्या गोष्टी दिव्याजवळ बसून सांगायच्या असतात म्हणे. आमच्या नागपुरात नवतप्याचे नऊ दिवस तापत असताना दिव्याजवळ कोण मरायला बसणार? तुम्ही आपले कूलरसमोर सरका, पन्ह्याचा ग्लास हातात घ्या आणि ऐका. फक्त हिला भुताची गोष्ट म्हणू नका. आमच्या सासूबाईंना ते मुळीच चालत नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या, मी माळा आवरायला काढला होता. जुन्या रजयांच्या मागून एक खोकं निघालं. त्यात माझ्या नवऱ्याचा, पियुषचा, कॉलेजच्या दिवसांतला, टीव्हीला जोडायचा गेम होता. करडा डबा, दोन रिमोट आणि लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिनांचा गुंता. मी ते भंगारच्या ढिगावर ठेवणार, तोच सासूबाई धावत आल्या.

"अवं, हा जिता आहे अजून?"

गेम घेतला होता पियुषने, पण खरी खेळाडू सासूबाई. पियुष नोकरीला लागल्यावर त्या दुपारभर गाडीची शर्यत खेळत बसायच्या. पुढे पियुषने भिंतीएवढा नवा टीव्ही आणला, त्याला मागे पिवळ्या पिनेचं भोकच नव्हतं, आणि गेम माळ्यावर गेला. सासूबाईंनी तेव्हा चकार शब्द काढला नाही. आता मात्र खोकं छातीशी धरून त्या हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. पियुष हिंगण्याहून ड्यूटी करून आला, तर त्याला चपलाही काढू देईनात.

पियुषला असलं काही जोडायला दिलं की तो जेवण विसरतो. टीव्हीला पिना लागत नाहीत तर होम थिएटरच्या डब्याला लागतील, असं त्याने ठरवलं. त्या डब्याला रिसीव्हर म्हणायचं असतं, मला अनेकदा दुरुस्त केलं गेलंय. रिसीव्हरच्या मागे भोकंच भोकं असतात. पिवळ्या पिनेचं जुनं चित्र तो आतल्या आत बदलतो आणि एका जाड वायरने नव्या टीव्हीला देतो. पियुषने आधी पिवळी पिन एका ओळीत आणि लाल-पांढरी दुसऱ्याच ओळीत खुपसली. मग चित्र येई पण गाडी मुकी. तासभर घाम गाळल्यावर त्याला चूक सापडली आणि समोरच्या, बाजूच्या, सोफ्यामागच्या भिंतीवरच्या अशा सगळ्या स्पीकरांतून इंजिन गुरगुरलं. सासूबाईंनी टाळ्या पिटल्या.

तेव्हापासून जेवणं झाली की दुपारी हॉलमध्ये त्यांची गाडी सुटायची. बाहेर आमच्या नंदनवन वस्तीत चिटपाखरू नाही, पडदे ओढलेले, कूलरच्या ओल्या खसचा वास, आणि त्या अंधारात सत्तरीची बाई एकामागून एक शर्यती जिंकतेय. एकदा मी शेजारी बसले होते. त्यांनी वळण यायच्या आधीच गाडी डावीकडे घातली.

"कसं समजलं हो आई, वळण आलं म्हणून?"

"तो सांगते ना मागून," त्या पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "आता डावं... आता हळू..."

मला वाटलं, गेममध्येच कुणी बोलत असेल. पियुषला विचारलं, तर तो म्हणाला, त्या गेममध्ये इंजिन आणि हॉर्न सोडून काही नाही. शब्द तर एकही नाही.

इथे आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या आजेसासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून या घरात अंगारा नाही, उतारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. मला हे फार आवडतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला असंच सासर हवं होतं. पण त्यात एक अडचण आहे, जी मला तेव्हा पहिल्यांदा कळली. दुसऱ्या कुणाच्या घरी म्हातारीला आवाज ऐकू आला असता, तर चार लोकांनी भूत म्हटलं असतं आणि म्हातारी शहाणी ठरली असती. आमच्याकडे भूत नाही. मग उरतो कोण? डॉक्टर.

पियुषने पुण्याला बहिणीला फोन केला. मेघाताई म्हणजे घरातलं हायकोर्ट. त्यांनी तिकडे डॉक्टर ठरवला, स्वतःच्या घरात आईसाठी खोली रिकामी केली आणि कळवलं, मी येऊन घेऊन जाते. तपासणीपुरतं नाही, कायमचं.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

"भूत म्हणत आहो का मी? भुताखेताले मी कधी मानलं?" त्या मला म्हणाल्या. "कोणी तरी बोलते, एवढंच सांगून राहिली. आणि हे मले पागल करून राहिले."

"बाबांचा आवाज आहे का तो?" मी हळूच विचारलं. सासरे जाऊन काही वर्षं झाली होती.

"छे वं! त्या माणसाले डावं-उजवं आयुष्यात समजलं नाही. त्याच्या भरवशावर मी कधीचीच खड्ड्यात गेली असती."

त्या हसल्या, पण डोळे भरले होते. या गल्लीत त्यांची सगळी हयात गेली, रविवारचं विहार इथे, मैत्रिणी इथे. मला त्यांचं जाणं नको होतं. सासू गेली तर बरं, असं वाटणाऱ्या सुना असतात, मी त्यांतली नाही. म्हणून मी विज्ञानाच्या बाईने करावं ते केलं. त्या खेळत असताना मागच्या दोन्ही स्पीकरांच्या वायरी गुपचूप काढून ठेवल्या. आवाज थांबला असता, तर स्पीकरमध्ये बिघाड आहे असं म्हणता आलं असतं.

"आताही बोलते का हो?"

"बोलते ना. आता तर साफ आयकू येते."

मला मात्र गाडीच्या इंजिनाशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. माझ्या प्रयोगाने त्यांच्याचविरुद्ध निकाल दिला होता. मी वायरी परत लावल्या आणि कुणाला काही बोलले नाही.

मेघाताई आल्या. सासूबाईंची बॅग भरली गेली. कुंडीतला मोगरा त्या शेजारच्या कामिनीकडे देऊन आल्या आणि रिमोटला हातही न लावता सोफ्यावर बसल्या. मला ते बघवेना. तेवढ्यात पियुषच्या कपाटात तो छोटा माइक दिसला, आणि माझ्या डोक्यात आलं.

रिसीव्हरबरोबर एक माइक येतो. तो सोफ्यावर ठेवायचा, सगळ्यांनी बाहेर जायचं, आणि आवाज खोलीला नीट बसावा म्हणून रिसीव्हर एकेका स्पीकरमधून टूं टूं करून खोलीचं माप घेतो. त्या वेळी खोलीत जराही आवाज असला तर तो माप घ्यायला नकार देतो. कसल्या तरी खुटखुटीने तो अडेल, एवढीच माझी आशा होती.

"ताई," मी म्हटलं, "माणसाचं नका ऐकू, मशीनचं ऐका. मशीनला खोलीत काही ऐकू आलं नाही, तर आई मुकाट्याने तुमच्यासोबत येतील."

"कबूल," सासूबाई ताडकन म्हणाल्या.

"आणि ऐकू आलं तर?" पियुषने विचारलं. मेघाताई फक्त हसल्या.

आता नवतप्यात भर दुपारी कूलर बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. पण केला. पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला. घड्याळाचा सेलसुद्धा पियुषने काढला. आम्ही चौघं व्हरांड्यात आलो आणि दार ओढून घेतलं. फरशी भाजत होती. खिडकीच्या जाळीतून टीव्हीचा पडदा दिसत होता. पियुषने जाळीतूनच रिमोट दाबला.

टूं... समोरचा स्पीकर. टूं... बाजूचा. मग पडदा लाल झाला. त्यावर इंग्रजीत आलं, खोलीत फार आवाज आहे, माप घेताना शांतता राखा.

"गल्लीतून गाडी गेली असन," पियुष म्हणाला. गल्लीत कुत्रंही नव्हतं.

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मी कान जाळीला लावला. आत माझ्या हॉलमध्ये अगदी शांत होतं. तापलेल्या पडद्यांचा वास येत होता आणि सोफ्यावर तो माइक एकटा उभा होता.

"मशीन बिघडली तुझी," मेघाताई म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता.

"ताई, मागच्या महिन्यात याच माइकने माप घेतलं. तेव्हा एका झटक्यात झालं होतं..." पियुष म्हणाला.

पुन्हा टूं, पुन्हा लाल पडदा. शांतता राखा. घामाने माझी साडी पाठीला चिकटली होती, सासूबाईंची भरलेली बॅग व्हरांड्यात दाराशी ठेवलेली दिसत होती, आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोलले नाही. इतकी वर्षं आठवीच्या वर्गावर बोलून घसा आपोआपच चालतो.

"ए! चूप बसा जरा!" मी जाळीतून ओरडले. "माप होईस्तोवर एक शब्द नको आहे मला!"

पियुषचा अंगठा रिमोटवरच होता. टूं, टूं, टूं... सगळे स्पीकर ओळीने वाजले. पडदा हिरवा झाला. माप पूर्ण.

मशीनला आवाज ऐकू येत होता, आणि मी रागावल्यावर तो थांबला होता. उन्हात उभी असून माझ्या हातांवर काटा आला. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

पहिल्यांदा बोलल्या त्या सासूबाई.

"पाह्य मेघा. मशीनलेही भास होऊन राहिले. आता तिलेही पुण्याले घेऊन जाय, अन् तुह्या त्या डॉक्टरले दाखव."

मेघाताईंनी आधी आईकडे पाहिलं, मग जाळीतून आत पाहिलं, आणि एकदम फिसकन हसल्या. मग आम्हाला कुणालाच हसू आवरेना. त्यांनी तिथूनच फोन करून डॉक्टरची वेळ रद्द केली. सासूबाई अनवाणीच कामिनीकडे पळाल्या आणि मोगऱ्याची कुंडी कडेवर घेऊन आल्या. त्या संध्याकाळी पियुषने तर्री-पोहे आणले आणि मेघाताईंनी नाकातून पाणी येईपर्यंत खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच परत गेल्या. जाताना हॉलमध्ये मात्र आल्या नाहीत. स्वतःची बॅग पियुषला आणायला लावली.

आई राहिल्या. मी जिंकले होते. पण त्यानंतर सासूबाई रोज हरू लागल्या. गाडी प्रत्येक वळणावर भिंतीला जाऊन धडकायची.

"बोलतच नाही आता," त्या रिमोट आपटून म्हणायच्या. "तू काहून ओरडली वं इतकी? त्याले वाईट वाटलं असन."

मी कसनुसं हसायची. मला मनातून सुटल्यासारखं वाटत होतं. गेलं जे काय होतं ते, असं मी स्वतःला समजावलं. थोड्याच दिवसांत हॉलमध्ये एकटी बसायलाही लागले.

मग एका दुपारी वीज गेली. सासूबाई मागच्या खोलीत झोपल्या होत्या, पियुष ड्यूटीवर. रिसीव्हर बंद, टीव्ही बंद, कूलरचं शेवटचं पाणी टपटपून थांबलं. मी सोफ्यावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. घर इतकं शांत होतं की कापडाची सळसळ मोठी वाटत होती. आणि माझ्या मागून, अगदी खालच्या, अदबीच्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"मॅडम... झालं का माप?"

मी पियुषचा शर्ट हातात धरून बसले होते. मान वळली नाही. इतके दिवस ते कुठेही गेलेलं नव्हतं. मी गप्प बसवलं होतं, म्हणून इथेच, आमच्या मागे, गप्प बसून होतं.

"बोलू का आता?"

सवय वाईट असते. मी घडीवरून नजर न उचलता म्हणाले, "हं, बोल."

वर्गाला बोलायची परवानगी दिली की काय होतं, ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. सोफ्यामागून, पडद्यांआडून, छताजवळून, माझ्या अगदी कानापाशी, सगळे एकदम बोलायला लागले. म्हातारे, बाया, लेकरं. किती जण होते कोण जाणे, पण प्रत्येकाला आधी आपलंच सांगायचं होतं.